असईची मानाची तलवार

असईच्या विजयाबद्दल कलकत्त्याच्या ब्रिटिश रहिवाशांनी मेजर जनरल आर्थर वेलस्ली (१७६९–१८५२, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) यास देऊ केलेली गौरवाची तलवार. असई हे गाव जालना जिल्ह्यात आहे. तेथे केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व दुसरा रघूजी भोसले यांच्या फौजांचा वेलस्लीने पराभव केला. शिंद्यांचे अनेक गोलंदाज तोफांजवळच लढत पडले. ब्रिटिश पक्षाचे ४२८ ठार व ११०० हून अधिक जखमी झाले.

तलवारीसाठी १,००० पौंड मंजूर करण्यात आले. अशी तलवार युद्धासाठी नसून सन्मानासाठी असे. तिची मूठ व म्यान सोनेरी मुलाम्याने मढवीत आणि पात्यावर गौरवलेख कोरीत. लंडनच्या लॉइड्स देशभक्त निधीने याच काळात वीरांना दिलेल्या तलवारी ३०, ५० व १०० पौंडांच्या होत्या. त्या मानाने ही देणगी असामान्य होती. वेलस्लीस १८०४ मध्ये ‘नाइट ऑफ द बाथ’ हा किताबही मिळाला.

हताहतांत मद्रासच्या देशी शिपायांचा मोठा भाग होता. त्यांच्या वाट्यास वैयक्तिक तलवार आली नाही; त्यांच्या पराक्रमाची खूण मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हातील असईच्या हत्तीच्या रूपाने टिकून आहे.