अंबरखान्यातले लोह

'रक्त कमी झाले आहे, गूळ-शेंगदाणे खा,' हा सल्ला कोल्हापुरात डॉक्टरांच्या आधी घरातच मिळतो. गुळाच्या पेठेत तो साहजिकही आहे. पण आमवाताने बोटे वाकडी झालेल्या एखाद्या बाईचा फिकेपणा या उपायाने बहुधा हटत नाही. मग 'ही नीट खातच नाही' असे म्हटले जाते. हा आरोप किती अन्यायाचा आहे, हे कळायला वैद्यकाला फार काळ लागला.

'माधवनिदान' या सातव्या शतकाच्या सुमाराच्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र अध्याय मिळाला. पांडुरोगाचा अध्याय त्याच ग्रंथात, पण वेगळा आहे. आजच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताशी आमवात तंतोतंत जुळतो असे नाही; तरी सुजलेले सांधे आणि फिके रक्त यांची गाठ कशी पडते, हा प्रश्न त्या दोन अध्यायांच्या मध्येच राहिला. पांडूवर मंडूर आणि लोहभस्म देण्याची परंपरा मात्र रूढ होती. फिकेपणा म्हणजे लोहाची उणीव, हे समीकरण पुढे आधुनिक दवाखान्यातही टिकले.

या समीकरणाला एक धक्का आपल्या मुंबईतच बसला. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज संशोधिका गिरणगावातल्या गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासण्यासाठी येथे आली. त्या रक्तक्षयाचे मूळ लोहाच्या उणिवेत नव्हते. यीस्टपासून केलेल्या मार्माइटने तो बरा होत होता. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

संधिवातातले कोडे याहून निराळे होते. १९४० च्या दशकात अमेरिकेत कार्टराइट आणि विंट्रोब यांनी दीर्घ आजारांतील रक्तक्षयाचा पाठपुरावा केला. रक्तप्रवाहात लोह कमी, पण शरीराच्या साठ्यात ते शिल्लक, अशी ती विसंगती होती. उत्तर मिळाले या शतकाच्या आरंभी. यकृतात हेप्सिडिन नावाचे एक छोटे प्रथिन तयार होते. पेशीतून लोह बाहेर पडण्याचे दार म्हणजे फेरोपोर्टिन. हेप्सिडिन ते दारच नष्ट करते, हे २००४ साली दाखवले गेले. दाह वाढला की इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून हेप्सिडिन वाढते. मग आतड्यातून लोह पुढे सरकत नाही आणि जुन्या रक्तपेशींतून परत मिळालेलेही अडकून पडते.

वेढा पडला की पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यातील धान्य जपून ठेवावे, तसेच हे आहे. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही तजवीज असावी. संधिवातात मात्र बाहेर शत्रूच नसतो. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर चालून गेलेले असते, आणि कोठाराला कुलूप लावून गडावरच्या माणसांची उपासमार होते.

म्हणून येथे दाह शमवणे हा मुख्य उपचार ठरतो. अर्थात वेदनाशामकांमुळे पोटात रक्तस्राव होऊन कोठार खरोखरच रितेही होऊ शकते. दाहात फेरिटिन वाढत असल्याने त्याचा एकच आकडा पाहून निर्णय देता येत नाही. तपासणी जाणकाराकडूनच व्हावी. या आजारात सर्रास दिले जाणारे मेथोट्रेक्सेट फोलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणते, म्हणून सोबत त्याचीही गोळी देतात. मुंबईच्या गिरणगावात सुरू झालेला शोध असा संधिवाताच्या औषधाच्या चिठ्ठीवर येऊन पोचला आहे.

'रक्त कमी' हे दोन शब्द आपण किती सहज उच्चारतो! त्यांच्यामागे एकच कहाणी नसते. त्या बाईने गूळही खाल्ला होता आणि शेंगदाणेही.