पावतीपुस्तक आणि वाचनालय : आपल्या वर्गणीचा इतिहास काय सांगतो?

गेल्या वर्षी जयंतीच्या हिशेबाची बैठक आमच्या समाजमंदिरात झाली. मंडप, डीजे, रोषणाई, मिरवणुकीचा ट्रॅक्टर, भोजनदान असे सगळे खर्च वाचून झाले. शेवटी अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "वाचनालयाला किती?" खजिनदारांनी वहीची पाने मागेपुढे केली. वाचनालयाच्या नावावर एकच ओळ होती : कुलूप, १८० रुपये.

बैठकीत कुणी हसले नाही. पालिकेने बांधलेली ती एक खोली, दोन कपाटे पुस्तके, चार बाके. घरात जागा नाही म्हणून परीक्षेची मुले तिथे बसायची. वीजबिल थकले, उघडायला माणूस नाही, म्हणून कुलूप लागले. त्या दिवशी दोन तट पडले. एक म्हणाला, "घरटी वर्गणी काढू आणि आपणच चालवू." दुसरा म्हणाला, "आपण कर भरतो, वाचनालय हे सरकारचे काम आहे. आपण खिशातून भरले की सरकार मोकळे." दोन्हीकडे कार्यकर्ते आपलेच होते आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. मित्रांनो, हा वाद नवा नाही. आपल्या चळवळीने तो शंभर वर्षांपूर्वी अनुभवला आहे. म्हणून भांडण्याआधी इतिहास पाहू.

बागेत वाचणारा विद्यार्थी

बाबासाहेब शाळेत असताना आंबेडकर कुटुंब परळच्या चाळीत राहत होते. तिथे अभ्यासाला स्वतंत्र जागा नव्हती. शाळा सुटल्यावर विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना पाहिले. पुढे गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांचे नाव पोहोचवले.

ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात नेहमी ऐकतो. पण एक प्रश्न विचारत नाही : तो विद्यार्थी बागेत का बसला होता? मुंबई इलाख्यात तेव्हा वाचनालये नव्हती का? होती. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, ठाण्याचे १८९३ चे, मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. या संस्थांनी मराठी भाषेची मोठी सेवा केली, ते नाकारण्याचे कारण नाही. पण अशा संस्था उभ्या राहायच्या त्या शहरातल्या शिकलेल्या, पगारदार, ओळखीपाळखीच्या मंडळींच्या वर्गणीतून. ज्याच्याकडे आधीच अक्षर होते, पैसा होता, वेळ होता, त्याने आपले वाचनालय उभारले. ज्या समाजाच्या मुलांना शाळेतच वेगळे बसवले जात होते, त्यांच्याकडे यातले काहीच नव्हते. नावात 'सार्वजनिक' असले म्हणून दार सर्वांना उघडे असते असे नाही. हे आपल्याला फार लवकर कळले.

यादीत नसलेला शब्द

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा प्रसिद्ध ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. यादी नीट वाचा. तिच्यात वाचनालय नाही. मात्र तिच्यात एक फार मोठे तत्त्व आहे : जिथे सार्वजनिक पैसा, तिथे सर्वांचा हक्क.

ठराव झाला, पण अंमलबजावणी झाली नाही. म्हणून १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हा ठराव अमलात आणणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करा, अशी शिफारस त्यांनी मांडली. म्हणजे आपल्या बाजूच्या लोकांना तेव्हाच कळले होते की नुसता ठराव पुरत नाही, अनुदानाच्या दोरीला हात घालावा लागतो.

महाडने ते सिद्ध केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही मार्च १९२७ मध्ये परिषदेला जमलेल्या आपल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले! तळे सार्वजनिक, ठराव मंजूर, आणि पाणी विकतचे. त्यानंतर सत्याग्रह झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले. तळे खासगी आहे, असा विरोधकांचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. 'सार्वजनिक' या एका शब्दासाठी दहा वर्षे! पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागांच्या वापराबाबत जातीवरून भेदभाव करण्यास मनाई आली. 'अंशतः' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

दामोदर हॉलचा धडा

मग आपल्या लोकांनी काय केले? सरकार देईल तेव्हा देईल म्हणून हातावर हात ठेवून बसले का? नाही. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये, गिरण्यांच्या वस्तीत. सभेच्या उद्देशांत वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे होते, आणि वाचनालये, सामाजिक केंद्रे, अभ्यासमंडळे चालवणे हेही लिहिलेले होते. कौन्सिलच्या यादीत जो शब्द नव्हता तो आपल्या संस्थेच्या उद्देशपत्रात पहिल्या दिवसापासून होता. सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले आणि मुंबईत मोफत वाचनालय चालवले.

त्या काळातला आपला कामगार कोण होता ते आठवा. गिरणीत कापड विणण्याच्या खात्यात पगार बरा मिळे. पण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात घेत नसत. सर्वात कमी पगाराच्या कामावर असलेला हा समाज, आणि त्याच समाजाच्या संस्थेने आपल्या उद्देशांत वाचनालय लिहिले. पोट भरल्यावर पुस्तकाकडे बघू, असे त्यांनी म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट आजच्या मंडळांनी शिकण्यासारखी आहे. सभा कायद्याने नोंदवलेली होती. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब, चिटणीस शिवतरकर, खजिनदार जाधव, असे पद आणि जबाबदारी ठरलेली होती. पैसा गोळा करायचा तर नोंदणी हवी, पावती हवी, हिशेब हवा. आज "वर्गणीत घोळ होतो" म्हणून वर्गणीच नको म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. घोळावरचा उपाय उघडा हिशेब आहे, वर्गणी बंद करणे हा उपाय नाही.

बडोद्याचा तिसरा हिस्सा

आता दुसऱ्या तटाचा प्रश्न : आपण वर्गणी दिली की सरकार मोकळे होते का? होते, जर वर्गणीला अट जोडली नाही तर. अट कशी जोडायची, याचे उदाहरण बडोदा संस्थानात आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. खेड्यातल्या ग्रंथालयासाठी नियम असा होता की लोकांनी जेवढी रक्कम जमवली तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. एक हिस्सा लोकांचा, दोन हिस्से सार्वजनिक. गावाने आपला हिस्सा भरला की उरलेले दोन हिस्से मागण्याचा त्याचा अधिकार तयार होई. इथे वर्गणीने सरकारला मोकळे केले नाही, बांधून घेतले.

पण बडोद्याचे नुसते कौतुक करून आम्ही थांबणार नाही. याच बडोद्यात १९१७ मध्ये, ग्रंथालयांची चळवळ जोरात असताना, कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले आणि ते कामाठी बागेत जाऊन बसले. लहानपणी पुस्तकासाठी बाग, मोठेपणी निवाऱ्यासाठी बाग! राजा कितीही पुरोगामी असो, कपाटात कितीही पुस्तके असोत, संस्था चालवणाऱ्यांत आपण नसलो तर दारावर जात उभी राहते. म्हणून पैशाच्या हिश्शाबरोबर कारभारातही हिस्सा हवा.

आजचा कायदा कुणाच्या बाजूचा?

ग्रंथालयाचा देशातला पहिला कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला. मद्रासने १९४८ मध्ये रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून कायदा केला आणि घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. केरळात १९४५ मध्ये पी. एन. पणिक्कर यांनी ४७ गावठी वाचनालये एकत्र आणून संघ उभारला. आधी लोकांनी वाचनालये चालवली, संघटना बांधली, आणि १९८९ मध्ये कायदा व उपकर मिळवला.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. १९७० च्या नियमांनुसार नोंदणीकृत संस्थेने ग्रंथालय चालवायचे, शासनाने मान्यता आणि अनुदान द्यायचे, अशी पद्धत आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. वर्ग वरचा तर अनुदान जास्त. वर्ग ठरतो ग्रंथसंख्या, सेवा, कर्मचारी यांवरून. कागदावर हे सरळ दिसते. पण विचार करा : ज्याच्याकडे आधीच इमारत आणि पुस्तके आहेत, तो वर चढतो आणि त्याला अधिक मिळते. ज्या वस्तीने काल दोन कपाटांनी सुरुवात केली ती तळाशी राहते, किंवा यादीतच येत नाही. समान नियम असमान लोकांना लावले की विषमता आपोआप वाढते. हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

म्हणून 'सगळे सरकारने करावे' म्हणून बसून राहिलो तर या पद्धतीत आपल्या वाट्याला काहीच येत नाही, कारण दारात अर्ज घेऊन जाणारी नोंदणीकृत संस्थाच आपल्याकडे नाही. आणि 'सगळे आपणच करू' म्हणालो तर साबणापासून बिस्किटापर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण भरलेला कर दुसऱ्यांच्या वाचनालयांना जातो, आणि आपण आपल्याच खोलीचे वीजबिल भरत राहतो. दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत आणि म्हणूनच दोन्ही अपुरे आहेत.

तर मग काय करायचे?

आम्ही आमच्या वस्तीत पुढील गोष्टी ठरवल्या. तुमच्याकडे याहून चांगले सुचले तर तसे करा.

एक, जयंतीच्या वर्गणीतला ठरलेला भाग आधी वाचनालयाचा, मग मिरवणुकीचा. महामानवाला हारांऐवजी वही-पेन वाहण्याची मोहीम आपल्याच कार्यकर्त्यांनी रुजवली, तिचे हे पुढचे पाऊल आहे.

दोन, दर घरामागे महिना दहा रुपये, पावतीसह. रक्कम मुद्दाम लहान ठेवली. एका पुढाऱ्याचे दहा हजार घेतले की दारावर त्याचा फोटो लागतो. शंभर घरांचे दहा रुपये घेतले की शंभर घरे विचारतात, "आज वाचनालय का उघडले नाही?" आम्हाला तो प्रश्न हवा आहे.

तीन, हा पैसा आधी माणसावर खर्च करायचा. इमारत, फरशी, कोनशिला यांना देणगीदार मिळतात. रोज संध्याकाळी कुलूप उघडणाऱ्याच्या मानधनाला कुणी मिळत नाही. आणि वाचनालये बंद पडतात ती त्यामुळेच. मुलींना उशिरापर्यंत बसता यावे म्हणून तिथे एक जबाबदार बाई असावी, हेही ठरवले.

चार, संस्था नोंदवायची, समितीत निम्म्या महिला घ्यायच्या, हिशेब दर महिन्याला दाराबाहेरच्या फळ्यावर लिहायचा.

पाच, सर्वात महत्त्वाचे : आपला हिस्सा भरल्याच्या पावत्या घेऊन पालिकेच्या दारात जायचे. खोली तुमची, वीजजोडणी तुमची, पुस्तकखरेदीची तरतूद तुमची, हे अर्जात लिहून पोच घ्यायची. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारायचे की प्रभागात वाचनालयांवर किती खर्च झाला. अंशतः का होईना, सार्वजनिक पैसा लागलाच पाहिजे. तो लागला की तिथला हक्क संविधानाचा होतो, कुणाच्या मेहेरबानीचा राहत नाही.

काही तरुण म्हणतील, मोबाईलच्या जमान्यात वाचनालय कशाला? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, टीव्ही आणि स्वयंपाक चालू असताना मोबाईलवर अभ्यास करून दाखवा, मग बोलू. वाचनालय पुस्तकांपुरते नसते. आपल्या मुलामुलींना शांतपणे बसता येईल अशी ती वस्तीतली एकमेव जागा असते. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले तेव्हा ग्रंथांसाठी जागा आधी पाहिली. आपण त्या घरापुढे माथा टेकतो आणि वस्तीतल्या दोन कपाटांना कुलूप घालतो, हे चालणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी आपल्याहून गरीब माणसांनी पावती फाडून वाचनालयाचा हिशेब सुरू केला. तो अजून मिटलेला नाही. पुढच्या एप्रिलच्या बैठकीत ती मुलगी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. आपापल्या वस्तीतले उत्तर तयार ठेवा.

जय भीम!