तबाको, तंबाखू आणि निपाणी

पणजीहून पुण्याला बेळगावमार्गे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना निपाणी कधी आली हे सांगावे लागत नसे. डोळे मिटलेले असले तरी नाक सांगायचे. उग्र, किंचित गोडसर, कोंदट असा तो वास खिडकीच्या फटीतून आत यायचा आणि मागच्या बाकावरचे कुणीतरी झोपेतच शिंकायचे. लहानपणी मला वाटे, या गावाचे नाव निपाणी आणि वासाचे नाव तंबाखू, दोन्ही इथलेच, मातीतून उगवलेले. पुढे कळले की यातला दुसरा शब्द फार लांबून आलेला पाहुणा आहे.

शब्द स्पॅनिश, 'तबाको'. १४९२ साली कोलंबसाची माणसे क्युबात उतरली, तेव्हा तिथले लोक पेटवलेल्या पानांचा धूर ओढताना त्यांना दिसले. गंमत अशी की 'तबाको' म्हणजे नेमके काय, यावर त्या काळच्या स्पॅनिश लेखकांचेच एकमत नाही. ओव्हिएदो याने १५३५ साली लिहून ठेवले की तबाको म्हणजे धूर ओढायची नळी, वनस्पती नव्हे. लास कासास म्हणतो, पानांची गुंडाळी करून जी ओढतात ती तबाको. काही भाषाशास्त्रज्ञ तर याहून मागे जातात. अरबीत 'तुब्बाक' नावाची एक औषधी वनस्पती होती, तिचे नाव स्पेनमध्ये आधीपासून रुळले होते आणि नव्या जगातल्या नव्या झाडाला ते चिकटले, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे नळी, गुंडाळी की झुडूप, जन्मापासूनच या नामाचे तीन बाप! आजही क्युबात 'एक तबाको' मागितलात तर हातात सिगार पडेल, आणि स्पेनमध्ये दुकानावर 'तबाकोस' अशी पाटी दिसली तर आत सिगारेटी मिळतील. पिकाला, पानाला, मालाला, इतकेच काय तपकिरी रंगालाही हाच शब्द चालतो.

आपल्याकडे ही वनस्पती आणली पोर्तुगिजांनी. गोव्याला तिचा चांगलाच उपयोग झाला, म्हणजे गोव्याच्या सरकारला. सतराव्या शतकात तंबाखू विकण्याचा मक्ता सरकारच्या हाती होता आणि तो ठेक्याने दिला जाई. ब्राझीलमधून जहाजाने आलेला माल इथे खपत असे. राज्याच्या तिजोरीत भर घालणाऱ्या मोठ्या ठेक्यांपैकी हा एक. अशा सरकारी ठेक्यांत गोव्यातले हिंदू व्यापारी, विशेषतः सारस्वत, आघाडीवर होते हे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. धर्मसमीक्षण संस्थेच्या छायेत हेही चालले होते. व्यवहाराला सोवळे नसते, असो.

घाटावर मात्र ती आदिलशाहीतून पसरली असावी. अकबराचा दूत असदबेग विजापूरला गेला होता, तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास एक सुंदर चिलीम करवून बादशहापुढे ठेवली. हकीम नको नको म्हणत असताना अकबराने एक-दोन झुरके घेतले. जहांगिराने पुढे १६१७ साली तंबाखूबंदी केली, आणि अशा बंद्यांचे जे व्हायचे तेच तिचेही झाले. बेळगाव-निपाणीचा मुलूख तेव्हा विजापूरच्याच अमलाखाली होता, हे ध्यानात घेतले म्हणजे शब्दाचा प्रवास स्पष्ट होतो. पोर्तुगीज 'तबाको'त अनुस्वार नाही, फारसी 'तंबाकू'त आहे आणि आपल्या तंबाखूतही आहे. म्हणजे पान आले समुद्रातून आणि उच्चार आला दरबारातून. शेजारच्या कानडीत बघा, तिथे 'तंबाकू' आहेच, पण 'होगेसोप्पु' हा अस्सल घरचा शब्दही आहे : होगे म्हणजे धूर, सोप्पु म्हणजे पाला. तेलुगू-तमिळांनीही धुरावरूनच नाव ठेवले. आपण मराठीने मात्र पाहुण्याला आल्या नावानेच घरात घेतले. त्याचे लिंगसुद्धा अजून ठरवलेले नाही, कुणी 'तो तंबाखू' म्हणतो, कुणी 'ती'.

पण शब्दाचा खरा अर्थ कोशात नसतो, निपाणीत असतो. गुजरातेतल्या चरोतरप्रमाणेच हा काळ्या जमिनीचा पट्टा विडीच्या तंबाखूसाठी ओळखला गेला. पावसाळ्यात रोपे करायची, मग लावण, नंतर शेंडे खुडायचे, फुटवे काढत राहायचे म्हणजे सगळा कस पानात उतरतो. उन्हाळ्याच्या तोंडाला कापणी, आणि शेतातच उन्हात वाळवण. शेतकऱ्याच्या तोंडी तंबाखू म्हणजे हे सारे वर्ष, आणि शेवटी व्यापारी काय भाव पुकारतो ती भीती. १९४३ पासून तंबाखूवर केंद्राची अबकारी होती. १९७९ साली कच्च्या तंबाखूवरची ती उठली, तरी शेतकऱ्याच्या पदरात काही पडले नाही. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला आणि रस्त्यावरच मुक्काम ठोकला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, बारा शेतकरी गेले. सीमाप्रश्नासाठी निपाणीने पुष्कळ सोसले आहे. महाजन आयोगाने १९६७ साली हे गाव महाराष्ट्राला द्यावे असे म्हटले होते, तरीही ते आज कर्नाटकातच आहे. पण त्या दिवशीचे रक्त भाषेसाठी नव्हते, पानाच्या भावासाठी होते, आणि रस्त्यावर मराठी व कानडी दोन्ही बोलणारे बसले होते. सीमाभागावर लिहिताना आपण हे सहज विसरतो.

आणि वखारी. तिथे तंबाखू म्हणजे धूळ. वाळली पाने कुटणे, चाळणे, काडी वेगळी करणे ही बायांची कामे. नाकातोंडात भुकटी, डोक्यावरच्या फडक्यात भुकटी, घरी गेल्यावर लेकराला घ्यायच्या आधी अंग धुवावे लागायचे. या बायांनी संघटना बांधली, संप केले. त्यांच्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली एक माहितीपट केला, दिग्दर्शिका दीपा धनराज, नाव 'तंबाखू चाकीला ऊब आली'. रचून ठेवलेल्या तंबाखूला आतून ऊब येते, ती आंबते, तिला रंग-वास चढतो. नाव ठेवणाऱ्याने माल ओळखला होता आणि बायांनाही.

आता निपाणीच्या आसपास उसाचे फड जास्त दिसतात. वास अजून येतो, पण पूर्वीसारखा झोपमोड करणारा नाही. आपल्या गोव्याने तर १९९७ सालीच सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान नि थुंकण्याविरुद्ध कायदा केला. गाडीत बसून खिडकीबाहेर पिंक टाकणाऱ्यांना तो ठाऊक नसावा.

काही वर्षांपूर्वी निपाणीच्या स्थानकाबाहेर एका टपरीवर थांबलो होतो. सहज विचारले, "तंबाखू आहे का हो?" टपरीवाल्याने मान वर केली नाही. "कुठली देऊ? खायची, ओढायची, का लावायची?" मी क्षणभर गोंधळलो. लावायची म्हणजे शेतात की दाताला? मला काहीच नको होते, मी चहा मागितला.