टागोर विरुद्ध टागोर : वकिलाचंच मृत्युपत्र फसतं तेव्हा

'मृत्युपत्राला वकील कशाला? कागदावर लिहायचं, सही ठोकायची, झालं!' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. ते अगदीच खोटंही नाही. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांसमोर रीतसर सही केली की पुरतं. पण बरीच मृत्युपत्रं अडतात ती सहीवर नाही, आतल्या मजकुरावर. हिंदू मृत्युपत्रांचा इतिहास वाचताना ज्या खटल्यापाशी थांबावंच लागतं, तो याच मजकुराचा आहे.

प्रसन्नकुमार टागोर म्हणजे कलकत्त्यातलं बडं प्रस्थ. जमीनदार, आणि स्वतः सरकारी वकील राहिलेले. मुलगा ज्ञानेंद्रमोहन 1851 मध्ये ख्रिस्ती झाला. पूर्वी धर्मांतरितांचा वारसाहक्क जात असे, पण 1850 च्या कायद्यानं ती सोयच काढून टाकली होती. म्हणजे मुलाला वगळायचं तर मृत्युपत्र करणं भाग होतं.

1862 मध्ये त्यांनी ते केलं. मुलाला आधीच पुरेसं दिलंय, आता काही मिळणार नाही, हे स्पष्ट लिहिलं. मुख्य इस्टेट पुतण्या जतींद्रमोहनला हयातीपुरती, त्याच्यामागे त्याच्या थोरल्या मुलाला, मग त्याच्या थोरल्या मुलाला, अशी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषवंशातच राहावी, अशी इंग्लिश सरदार घराण्यांच्या थाटाची साखळी बांधली. 1868 मध्ये ते वारले आणि मुलगा कोर्टात गेला.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं. 1872 चा निकाल असा : जतींद्रमोहनला हयातीपुरता मिळालेला हक्क बरोबर. मात्र देणारा मरताना जो जन्मलेलाच नाही, त्याला हिंदू कायद्यात दान देता येत नाही. पुरुषवंशापुरता वारसा हा प्रकारही त्या कायद्याला ठाऊक नाही. साखळी तुटली. मग जतींद्रमोहननंतर इस्टेट कोणाची? कायदेशीर वारसाची. म्हणजे ज्ञानेंद्रमोहनचीच!

पण त्याला तर स्पष्ट नाकारलं होतं? इथेच खरी मेख आहे. 'अमक्याला देऊ नये' एवढं लिहून वारस हटत नाही. ती मालमत्ता दुसऱ्या कोणाला तरी वैध रीतीनं द्यावी लागते. तो दुसरा हक्क कोसळला, की वारस जागेवर हजर.

प्रसन्नकुमारांना कायदा येत नव्हता, असं मला वाटत नाही. हिंदू मृत्युपत्रांचा कायदाच तेव्हा घडत होता. लेखी मजकूर आणि दोन साक्षीदार यांची अट घालणारा 'हिंदू विल्स ॲक्ट' 1870 चा, आणि तोही बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अखत्यारीतल्या प्रदेशाला आणि मद्रास-मुंबई शहरांना लागू. आजच्या वकिलाकडे मात्र दीडशे वर्षांची फसलेली मृत्युपत्रं असतात. आपण फी देतो ती सुंदर भाषेसाठी नाही. 'हा मुलगा तुमच्या आधी गेला तर? उरलेलं सगळं कोणाला?' असे नकोसे प्रश्न तो विचारतो, त्यासाठी. त्यातला 'उरलेलं सगळं' हा शेवटचा परिच्छेद घरच्या घरी लिहिलेल्या कागदात हमखास राहून जातो.

न जन्मलेल्यांना देण्यावरची बंदी 1916 च्या कायद्यानं बरीच सैल केली. गंमत म्हणजे याच मृत्युपत्रातली कलकत्ता विद्यापीठाला दिलेली देणगी टिकली. त्यातून सुरू झालेली 'टागोर लॉ लेक्चर्स' कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात.