माका: आधी रंग, मग तेल

जालना जिल्हा कोरडवाहू, पण ओल सापडली की माका हटकून उगवतो: दुधना-कुंडलिकेच्या काठाला, कालव्याच्या पाझराला, पाणभरत्या शेताच्या बांधावर. पानं खरखरीत, फूल बारीक पांढरं. खुरपताना बाया तण म्हणून उपटून टाकतात आणि भाद्रपद आला की तोच शोधत फिरतात. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका आहे, आणि पुढच्या पंधरवड्यात पितरांनाही तो वाहतात.

केसांशी त्याचं नातं जुळलं ते रसामुळं, असं मला वाटतं. पान चुरगळलं की हिरवा रस काळपट पडतो आणि बोटांवर डाग उमटतो. गोंदणासाठीही तो वापरलेला आहे. कातडी काळी करणारा पाला पिकलेला केसही काळा करील, असं कुणालाही सुचावं. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातही माका येतो तो पिकलेल्या केसांच्या उपचारात. दूध, ज्येष्ठमध आणि माक्याचा रस घालून तिळाचं तेल सिद्ध करायचं आणि ते नाकात सोडायचं. डोक्याला चोळायचं तेल आणि केसगळतीचा दावा आज पुढं आहेत. मूळ भर मात्र रंगावर होता.

तेल करण्याची रीत टिकून आहे. वैद्यकातलं माप असं: एक भाग कल्क, म्हणजे वाटलेला लगदा, चार भाग तेल, सोळा भाग रस. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ढवळत राहायचं. गाळाची बोटांत वात वळली आणि ती विस्तवावर टाकल्यावर तडतडली नाही, की तेल झालं. घाई केली तर पाणी राहतं आणि तेल खवट होतं. ही परीक्षा मला फार आवडते. तिला ना घड्याळ लागतं ना तापमापक.

१९५६ साली गोविंदाचारी, नागराजन आणि पै यांनी माक्यातून वेडेलोलॅक्टोन हे रासायनिक द्रव्य वेगळं केलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माक्याचा अर्क लावलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. पण उंदराच्या पाठीवरचा निकाल माणसाच्या टकलाला लावता येत नाही.

आणि प्रत्येक केसगळतीवर तेल हा उपाय नसतो. शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यात, जानेवारी २०२५ मध्ये गावंच्या गावं केसगळतीनं हादरली. तिचं कारण शोधणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. केस असे मुठीनं हातात येऊ लागले, तर तेल बाजूला ठेवून आधी रक्त तपासून घ्यावं.