चाळीस फुटांची तार

आधी एक कबुली. बारावीच्या प्रॅक्टिकलला तारेला वजनं टांगून ती किती ताणते ते मोजायचं होतं. माझी रीडिंग्ज सरळ रेषेत येईनात, म्हणून मी ती घरी बसून ‘बनवली’. पूर्ण मार्क मिळाले. ही सरळ रेषा ज्याने खरोखर मोजून काढली, तो रॉबर्ट हूक.

त्याची पद्धत ऐका. २०, ३० किंवा ४० फूट तार घ्यायची, वर खिळ्याला बांधायची, खाली पारडं. पारड्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर कंपासने मोजायचं, मग वजनं वाढवत जायचं. बस्स!

पण एवढी लांब तार कशाला? मी हिशोब मांडला. जोर गुणिले लांबी, भागिले छेदाचं क्षेत्रफळ गुणिले यंग मॉड्युलस. आजच्या स्टीलची १ मिलिमीटर जाडीची तार, १० किलो वजन. १ मीटर तार ताणते जेमतेम ०.६ मिलिमीटर. कंपासने काय डोंबल दिसणार? तीच तार ४० फूट घेतली की साडेसात मिलिमीटर! लांबी हीच त्याची मॅग्निफाइंग ग्लास होती.

आता गंमत. हूकने हे छापलं १६७८ मध्ये, आणि म्हणाला, मला १८ वर्षांपूर्वीच सापडलं होतं. मग गप्प का बसला? त्याला स्प्रिंगवर चालणारी घड्याळं करायची होती. पण १६७५ मध्ये हॉयगेन्सने तसलं घड्याळ जाहीर केलं आणि हूक भडकला. पुढच्याच वर्षी त्याने आपला नियम छापला, पण कोड्यात: लॅटिन वाक्याची १४ अक्षरं, फक्त वर्णक्रमाने लावलेली. कोडिंगवाल्यांनो, आधी हॅश जाहीर, डेटा नंतर! दोन वर्षांनी उलगडा केला: ‘उट टेन्सिओ, सिक विस’, जसा ताण तसा जोर.

तरी त्यात एक भोक होतंच. एका तारेचं उत्तर दुसऱ्या तारेला चालायचं नाही, प्रत्येक तार नव्याने टांगा. धातूचा स्वतःचा आकडा हवा होता. थॉमस यंगने १८०७ च्या व्याख्यानांत तो मांडला, पण इतक्या किचकट भाषेत की वाचणारा वैतागावा. आज आपण वापरतो ते सुटसुटीत रूप फ्रान्सच्या नावियेने १८२६ मध्ये दिलं. नाव मात्र यंगचंच राहिलं.

काल मी ती जुनी जर्नल काढली. माझी रेषा हूकपेक्षाही सरळ आहे.