आलेलुया : एका शब्दाची वाटचाल

पास्काजागरणाच्या रात्री एक क्षण असा येतो की, त्याची वाट ख्रिस्तमंदिरातील लहानथोर सारेच पाहत असतात. संत पौलाच्या पत्राचे वाचन संपते, भाविक उभे राहतात आणि धर्मगुरू 'आलेलुया' हा शब्द गातात. मग तोच शब्द एक सूर वर चढवून, आणि तिसऱ्यांदा त्याहूनही वरच्या स्वरात. राखेच्या बुधवारपासून हा शब्द उपासनेत उच्चारलेला नसतो. अनेक आठवड्यांच्या विरहानंतर तो परत येतो तेव्हा घरचे माणूस दूरदेशाहून परतल्याचा आनंद होतो. एखादा शब्द माणसाला इतका प्रिय का व्हावा? त्याचा अर्थ ज्यांना सांगता येणार नाही, त्यांनाही तो उच्चारावासा का वाटावा?

मूळ शब्द हिब्रू. 'हल्लेलू' म्हणजे 'स्तुती करा' आणि 'याह' हे परमेश्वराच्या पवित्र नामाचे संक्षिप्त रूप. यातील आज्ञा अनेकवचनी आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एकटा भक्तही हा शब्द उच्चारतो तेव्हा तो इतरांना हाक देत असतो. जुन्या करारातील स्तोत्रसंहितेच्या उत्तरार्धात हा शब्द वारंवार येतो. वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी कुटुंबे ११३ ते ११८ ही 'हल्लेल' स्तोत्रे म्हणत आली आहेत. नव्या करारात मात्र तो केवळ प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात, चार वेळा आढळतो.

ग्रीक लिपीत 'ह' साठी स्वतंत्र अक्षर नसल्याने भाषांतरात तो ध्वनी गळाला. ग्रीकातून लॅटिनमध्ये आणि लॅटिनमधून आपल्याकडे आला तो 'आलेलुया'. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या तोंडी असलेला 'हालेलुया' हिब्रू उच्चाराला अधिक जवळचा. एकाच मातेची ही दोन लेकरे होत. आणखी एक नवल पाहा. परमेश्वराचे चार अक्षरी नाम यहुदी लोक आदरापोटी उच्चारत नाहीत; २००८ साली व्हॅटिकननेही ते उपासनेत उच्चारू नये असे कळविले. तरीही त्या नामाचा एक अंश या शब्दाच्या शेवटी जगभर रोज गायला जातो.

या शब्दाचे भाषांतर करणे अवघड नव्हते. मग तो जसाच्या तसा का ठेवला? संत ऑगस्टीन यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. 'आमेन' आणि 'आलेलुया' यांचा अर्थ अन्य भाषेत सांगता येतो. तथापि त्यांच्या ठायी असलेल्या पुरातन पावित्र्यामुळे ते मूळ रूपात राखले गेले, असे त्यांचे मत होते. आपल्या भूमीत याचे मर्म समजावून सांगावे लागू नये. जेजुरीच्या गडावर भंडारा उधळत 'येळकोट' म्हणणारा भाविक शब्दाची व्युत्पत्ती शोधत बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओठांवरून आलेला शब्द आपणही उच्चारला, यातच त्याचे समाधान असते.

परंतु पावित्र्याइतकेच महत्त्व नादालाही आहे. 'आलेलुया' म्हणून पाहा. त्यात एकही कठोर वर्ण नाही, महाप्राण नाही, जोडाक्षर नाही. जीभ दोनदा हळूच टाळ्याकडे जाते आणि अखेरीस मुख 'आ' वर मोकळे होते. श्वास असेल तोवर तो स्वर लांबविता येतो. संत जेरोम यांनी संत पावला यांच्या निधनानंतर लिहिलेल्या पत्रात एक हृद्य उल्लेख केला आहे. त्यांची नात पाळण्यात खुळखुळ्याशी खेळत बोबड्या बोलांत आलेलुया गाते, हे ऐकून त्या आजीला परमानंद झाला होता. ज्या शब्दाला मुलाचे ओठ सहज वळतात तो मोठेपणीही सुटत नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमहून रोमला धाडलेल्या एका पत्रात, तेथील नांगऱ्या नांगराची मूठ धरून आलेलुया गातो, असे वर्णन आहे. पाचव्या शतकातील कवी सिडोनियस यांनी लियों येथील नव्या ख्रिस्तमंदिराविषयी लिहिताना दोर खांद्यावर घेऊन नावा ओढणारी, वाकलेली माणसे दाखविली आहेत. नदीचे काठ त्यांच्या आलेलुयाला प्रतिसाद देतात. आपल्या वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर होडी ओढताना एकसुरात दिली जाणारी हाक ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. श्रम वाटून घेण्यासाठी शब्द लागतो आणि तो तालावर तोलता यावा लागतो.

हाच शब्द रणघोषही झाला. इ. स. ४२९ च्या सुमारास गॉलमधील बिशप संत जर्मानुस ब्रिटनमध्ये असता सॅक्सन आणि पिक्ट यांनी चाल केली. बिशपांच्या सांगण्यावरून सैन्याने तीनदा आलेलुयाचा गजर केला, डोंगरांनी तो घुमविला आणि शत्रू पळून गेला, अशी कथा त्यांच्या चरित्रात आहे. 'हर हर महादेव' या गर्जनेचे सामर्थ्य जाणणाऱ्या महाराष्ट्राला ती पटण्याजोगी आहे.

पुढे या शब्दाच्या शेवटच्या 'आ' वर गायकांनी लांबच लांब सुरावटी बांधल्या. संत ऑगस्टीन यांनी आधीच म्हटले होते की, आनंद शब्दांत मावेनासा झाला म्हणजे माणूस शब्द सोडून केवळ स्वर काढतो. पण या सुरावटी लक्षात ठेवायच्या कशा? नवव्या शतकात सेंट गॅलेन मठातील संन्यासी नोटकर यांना बालपणी हीच अडचण पडली. मोठेपणी त्यांनी त्या सुरावटींवर, एकेका स्वराला एकेक अक्षर बसवून, पद्ये रचली. हे नोटकर तोतरे होते. इतिहास त्यांना त्याच उपनावाने ओळखतो. ज्यांची जीभ बोलताना अडखळे, त्यांनीच या शब्दाच्या स्वराला नवे शब्द दिले.

मध्ययुगात तर लोकांचा या शब्दावर इतका जीव होता की, उपवासकाळापूर्वी त्याला विधिपूर्वक निरोप दिला जाई. फ्रान्समधील तूल येथे पंधराव्या शतकात गायकवृंदातील मुले क्रूस, मेणबत्त्या, तीर्थ आणि धूप घेऊन मातीचे एक ढेकूळ शोक करीत मिरवीत नेत आणि मठाच्या आवारात पुरीत. तो 'आलेलुयाचा दफनविधी' होता. मातीत पुरलेले पुन्हा उगवणार, हे त्या शेतकरी समाजाला ठाऊक होते.

येथे आपल्या काळातील एक प्रश्न उभा राहतो. अंत्यविधीत आलेलुया गावा काय? शोकाकुल घरातील वडीलधारी माणसे या प्रश्नाने व्यथित झालेली दिसतात, आणि त्यांची व्यथा खोटी नाही. कित्येक शतके लॅटिन विधीच्या मृतांसाठीच्या मिस्सात हा शब्द नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर १९६९ साली आलेल्या नव्या विधीने तो परत आणला. मात्र ही आधुनिकांची लहर नव्हे. ३९९ साली रोममध्ये रुग्णसेविका संत फाबिओला यांच्या अंत्ययात्रेत आलेलुयाच्या नादाने मंदिरांची सोनेरी छते दुमदुमल्याचे संत जेरोम यांनी लिहून ठेवले आहे. पौर्वात्य ख्रिस्तसभा तर आजही मृतांना निरोप देताना आणि उपवासकाळातही तो गाते.

म्हणजे हा शब्द केवळ सुखाचा नाही. ४१८ साली कार्थेज येथे संत ऑगस्टीन यांनी दिलेल्या एका प्रवचनाचा आशय असा : येथे आपण चिंतेत असताना आलेलुया गातो, तेथे निश्चिंत होऊन गाऊ, वाटसरू शीण घालविण्यासाठी गातो, तसे गा, पण पाऊल थांबवू नका. पंढरीच्या वाटेवर नाम घेत चालणाऱ्यांच्या या प्रदेशात त्या उपदेशाला भाष्य नको.

शब्द आवडतो तो नादामुळे, पण टिकतो तो सोबतीमुळे. पाळण्यातील मूल, नांगरामागचा शेतकरी, दोर ओढणारा नावाडी, तोतरा संन्यासी आणि शवपेटीमागून चालणारे आप्त या साऱ्यांनी तो उच्चारला आहे. पुढच्या वेळी अंत्यविधीत तो कंठाशी अडखळला, तर शेजारच्याने तो उचलावा. त्यातील आज्ञा अनेकवचनी आहे ती यासाठीच.